काकांचा आकडा

काकांनी आमच्या कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स क्लबला जुनं पिनबॉल मशीन दान दिलं, तेव्हा एकच अट घातली. त्यावरचा विक्रम पुसायचा नाही.

"शेवटचा खेळ संपला की आकडा या फिरत्या चाकांवर तसाच राहतो, वीज गेली तरी," काचेवरची धूळ बोटाने पुसत ते म्हणाले. "बघ, माझा अजून आहे!" चौऱ्याण्णव हजार आणि वर काहीतरी. "मशीनच्या उद्घाटनाला लोकांना दिसला पाहिजे."

काका कॉलेजच्या संचालक मंडळावर आहेत. मी तिथे इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, क्लबही माझ्याकडेच. घरी आमचं बोलणं बंद आहे, पण कॉलेजात मान डोलवावीच लागते. डोलवली. तळपायाची आग मस्तकात गेली होती, ती मात्र कोणाला दिसली नाही.

कारण मशीन त्यांचं नव्हतंच. ते माझ्या बाबांचं. कोपऱ्यावर बाबांचं खेळांचं दुकान होतं आणि काका, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, दिवसभर तिथेच पडीक. एकदा स्पर्धा ठेवली, तिच्यात काकांनी हा आकडा काढला. नुसता जयजयकार! आकडा सगळ्यांना दिसावा म्हणून मशीन तसंच बंद ठेवलं. आठवड्याभरात कोणाला तरी संशय आला, मशीन उघडलं, तर आतला लोलक तारेने बाजूला बांधलेला. हा लोलक म्हणजे मशीनचा पहारेकरी. एका कडीच्या मधोमध लटकतो. खेळणाऱ्याने मशीनला जास्त जोरात धक्का दिला की कडीला टेकतो, लाल अक्षरांत 'टिल्ट' लागतं आणि तो चेंडू वाया जातो. तोच बांधून टाकला की मशीन हवं तसं हलवा, विचारणारं कोण?

काकांनी सगळ्यांसमोर बोट दाखवलं ते बाबांकडे. "किल्ली दादाकडे असते. मला काय माहीत? तो असंच करतो, कधी लोलक सैल, कधी घट्ट. गिऱ्हाइकांना फसवतो."

 सख्ख्या भावाला चारचौघांत खोटं पाडायचं बाबांच्या जिवावर आलं. गिऱ्हाईक तुटलं, दुकान बसलं, त्याच जागेत काकांनी फर्निचरचं शोरूम थाटलं, मशीनही त्यांच्याकडेच राहिलं. रस्त्यात पोरं बाबांना 'टिल्टवाले' म्हणून चिडवायची. मी त्यांचं बोट धरून चालायचे, मला सगळं ऐकू यायचं. त्यानंतर बाबांनी कुठल्याच मशीनला हात लावला नाही. आता तर त्यांचा उजवा हात सारखा थरथरतो, कपसुद्धा दोन्ही हातांनी धरतात.

तर असं हे मशीन आमच्या वर्कशॉपच्या मधल्या टेबलाशेजारी येऊन उभं राहिलं. पोरं खूश. मी रोज दात ओठ खात काम करत होते. चेंडू वर उडवणाऱ्या दांड्यांच्या, म्हणजे फ्लिपरच्या कॉइल काढल्या, आतलं ग्रीस वाळून गूळ झालं होतं ते खरवडलं. काळे पडलेले काँटॅक्ट बारीक कानशीने घासले, सगळी रबरं बदलली. लोलक अजून तारेतच होता. तार मी पकडीने कापली आणि खिशात टाकली.

सगळ्यात छळ म्हणजे ती अट. चाचणीसाठी नवा खेळ सुरू केला की चाकं शून्यावर यायची. मग संध्याकाळी मागची फळी उघडून, चाकं हाताने फिरवून काकांचा आकडा परत लावायचा. हे काम आमच्या क्लबातल्या बडबड्याकडे होतं. तो नसला की मी. माझ्या हाताने, माझ्या बापाला बुडवणारा आकडा!

उद्घाटनाचा पहिला खेळ काका खेळणार होते. मी ठरवलं, ह्यांचं नाक इथेच कापायचं, सगळ्या संचालकांसमोर, आणि तेही बाबांच्या डोळ्यांदेखत. आदल्या दिवशी लोलक सरकवून कडीच्या इतका जवळ आणला की मधून कागद जाईना.

चष्मेवाली, क्लबातली सगळ्यात चोख मुलगी, वाकून बघत होती. "मॅडम, इतकी कमी फट? कोणी नुसता हात ठेवला तरी बंद पडेल."

"पडू दे."

"पण मग हा खेळ कुठे राहिला? ही तर फसवणूक झाली."

"तू तुझे दिवे तपास," मी खेकसले. ती गेली. तिचा शब्द काही गेला नाही, पण मी कानाआड केला.

बाबांना मी अक्षरशः ओढत आणलं. ते मागे भिंतीला टेकून उभे राहिले, हात खिशात. हॉल भरला. प्राचार्यांचं भाषण झालं, टाळ्या झाल्या. काका कोटाची बटणं काढत पुढे आले आणि एकदम थांबले. माणूस मोठा मानभावी.

"छे छे, आधी दादा! थोरल्याचा मान. दुकान त्याचंच होतं ना?"

मी घाईने पुढे झाले. "नको, बाबा नाही खेळत," असं मी म्हणेपर्यंत काकांनी बाबांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना मशीनपुढे आणलंसुद्धा. बडबड्याने बटण दाबलं, चाकं खडखडत शून्यावर आली. बाबांनी दोन्ही हात मशीनवर ठेवले. इतक्या वर्षांनी. त्यांचा चेहरा क्षणभर उजळला, तो मी पाहिला.

उजवा हात थरथरला. मशीनचे दिवे गेले. लाल अक्षरं लागली, टिल्ट.

"अरेरे!" काका मोठ्याने हसले. "दादा, मशीनशी खेळ करायची खोड अजून गेली नाही का रे?"

लोक हसले. ज्यांना जुनं काही ठाऊक नव्हतं तेही हसले. बाबांनी मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना लगेच कळलं. जो आळ त्यांनी जन्मभर सोसला, तो त्यांच्या पोरीने खरा करून दाखवला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबांनी नाही, मी केलं," मी ओरडलेच. "तुमच्यासाठी केलं होतं, काका!"

"बघा! रक्तातच आहे यांच्या," काका म्हणाले.

"किल्ली दे," बाबा मला म्हणाले. त्यांनी मशीनचं पुढचं दार उघडलं, गुडघे टेकले आणि आत हात घातला. मी मदतीला वाकले, तर म्हणाले, "तू बाजूला हो." आवाज चढला नव्हता, पण असं ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. लोलक सरकवायला त्यांना खूप वेळ लागला. बोटं ऐकत नव्हती. सगळा हॉल बघत राहिला. मग त्यांनी चष्मेवालीला बोलावलं. "बाळ, फट बघ. मग खेळून बघ. थोडं हलव, खेळताना हलवतात तेवढं."

ती खेळली, मशीनला हलके धक्के दिले, चेंडू सांभाळला. टिल्ट लागलं नाही. "आता बरोबर आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

"ये," बाबा काकांना म्हणाले. "आता तू खेळ."

काकांना पाठदुखी आठवली. प्राचार्य म्हणाले, "अहो, असं कसं, विक्रमवीर तुम्ही!" सुटका नव्हती. बडबड्याने पुन्हा बटण दाबलं, चाकं शून्यावर आली.

पहिला चेंडू खाली आला तसा त्यांनी कमरेने मशीनला दणका दिला. जुनी सवय. टिल्ट. कोणी हसलं नाही, सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग मात्र ते घाबरले. मशीनला अंग लागू न देता, लांबूनच दोन बोटांनी खेळायला लागले. दुसरा चेंडू फ्लिपरच्या मधून सरळ खाली. तिसराही. न हलवता त्यांना खेळता येतच नव्हतं, कधीच येत नव्हतं. कपाळावरचा घाम बाहीला पुसत ते उभे राहिले. मी टक लावून बघत होते. खोटं कशाला बोलू, थंडावा वाटला जिवाला.

चाकं थांबली. सातशे चाळीस.

बडबड्या सवयीने मागची फळी उघडायला गेला, जुना आकडा परत लावायला.

"राहू दे," बाबा म्हणाले. त्यांनी प्लग काढला. दिवे विझले, आकडा तसाच राहिला. "त्याचीच अट आहे ना, विक्रम पुसायचा नाही म्हणून? मग नका पुसू. हाच खरा आहे."