कवचबाबाची कोरी गोळी

बंदुकीचा बार झाला आणि काडतुसांच्या कारखान्याच्या फाटकासमोरच्या मैदानात जमलेल्या हजारभर माणसांनी श्वास रोखला. तीस पावलांवर उभा असलेला कवचबाबा किंचित हेलकावला. मग त्याने सावकाश तोंड उघडले. दातांमध्ये गोळी चमकत होती!

जयजयकार काय वर्णावा! पहिल्या पाळीहून सुटलेले कामगार हातातले डबे उंचावून नाचू लागले. बाबाने गोळी तबकात टाकली. बार होण्याआधी पितळकामाच्या फोरमनने स्वतःच्या हाताने तिच्यावर खिळ्याने फुली कोरली होती. ते काडतूस बाबाने मखमलीच्या गादीखाली सरकवले होते, शिष्य ती गादी तंबूत नेऊन मंत्रवून घेऊन आला होता, आणि मगच काडतूस बंदुकीत गेले होते. बंदूक भरली जात होती तेवढ्यात बाबा शिष्याने तंबूतून आणलेले लोटाभर पाणी प्यायला होता. आता फोरमनने गोळी उलटसुलट पाहिली.

"माझीच फुली! आईशपथ, माझीच!" असे म्हणत त्याने बाबाच्या पायांवर लोटांगणच घातले.

"गोळीला आपला बाप कळतो," बाबा ध्वनिक्षेपकात खाकरला. गादीवर एक जुनाट काडतूस मांडलेले होते. "हे आद्य काडतूस! जगातलं पहिलं. माझ्या गुरूंच्या गुरूंनी डोंगरात तप करून घडवलं. आज जगात आहेत तेवढी काडतुसं म्हणजे याची लेकरं. याचा स्पर्श झालेला ताईत ज्याच्या गळ्यात, त्याला ही लेकरं शिवायची नाहीत!"

मला हसू आवरेना. पण ते फार वेळ टिकले नाही. माझ्या शेजारी ताई उभी होती; तिचा जावई गर्दीतून वाट काढत आमच्यापाशी आला. तो कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होता. गळ्यात नवाकोरा ताईत होता, आणि चेहरा आनंदाने उजळलेला.

"आई, मामा, पाहिलंत ना? उद्या सकाळी चौकीत आम्हीच करून बघणार. बंदूक आमची, काडतूस आमचं. जोडीदार झाडणार, मी उभा राहणार. उगाच कोणी हातचलाखी म्हणायला नको."

ताईने त्याच्याकडे पाहिले. "जावईबापू, माझ्या लेकीला सातवा महिना लागलाय."

"म्हणूनच तर, आई. एकदा सिद्ध झालं की घरात काळजीच नको."

तो वेडा नव्हता, दारुडा नव्हता. प्रामाणिक माणूस होता, आणि म्हणूनच उद्या सकाळी मरणार होता. बाबाने फसवायचे आणि भक्ताने ते इमानाने पडताळून पाहायचे, यासारखी भयंकर जोडी नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. तडक व्यासपीठावर चढलो आणि ध्वनिक्षेपक हिसकावून घेतला.

"मंडळी, तुम्ही घडवता ते काडतूस कुणा तपस्व्याला ध्यानात दिसलेलं नाही. ते माणसांनी चुका करत करत घडवलंय. आधी त्यात काळी दारू भरत. धूर एवढा व्हायचा, की सैनिक कुठे लपलाय ते शत्रूला लांबूनच कळायचं. गोळीचा वेग वाढवला तर नुसतं शिसं नळीला माखायचं, म्हणून गोळीला कठीण धातूचा अंगरखा चढवला. मग बिनधुराची दारू आली, तर तिच्या धगीने नळीतले उथळ चर झिजायला लागले. चर खोल करावे लागले. दर पावलाला कुणीतरी चुकलं, मोजलं, सुधारलं–"

"मास्तर, शाळा सुटली!" मागून कुणीतरी ओरडले. हशा पिकला.

"चुकणाऱ्यांची कथा चुकणाऱ्यांनीच ऐकावी," बाबा गोड हसला. "आमचं चुकत नाही."

रोज काडतुसे घडवणारी माणसे असल्या थापेला भुललीच कशी, असे वाचकांना वाटेल. याला कारण होती कारखान्याची शिस्त. पितळ ओढणाऱ्याने दारूघर पाहिलेले नसे. दारू भरणाऱ्याला गोळी दिसे ती नवीकोरी. दिवसाला हजारो काडतुसे पेटीबंद करणाऱ्या त्या गावात झाडलेली गोळी जवळून पाहिलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. ताई त्यांतली एक. चाचणीच्या मैदानावर दर घाण्यातली नमुन्याची काडतुसे वाळूच्या ढिगात झाडत, आणि ती वाळू चाळून ताई गोळ्या वेचून काढी, भिंगाखाली तपासी. बावीस वर्षे. गाव तिला वाळूवालीच म्हणे.

वाळूवाली आता पदर खोचून व्यासपीठावर चढत होती.

"बाबा, गोळीचं दर्शन घेऊ का?"

"घे, माउली, घे!"

ताईने तबकातली गोळी उचलून भिंगाखाली धरली. तिने ती नुसती एकदाच फिरवली. मग एप्रनच्या खिशातून सकाळी चाळलेल्या, कचेरीत जमा करायच्या तीन गोळ्या काढल्या आणि फोरमनच्या तळहातावर ठेवल्या.

"दादा, या झाडलेल्या आहेत. नख फिरवा. काय लागतं?"

"चरे आहेत. तिरके."

"मोजा."

"एक, दोन... पाच."

"तिन्हींवर पाचच. नळीच्या आत पाच चर असतात, पिळाचे. गोळी त्यांत घट्ट बसून गरगरतच बाहेर पडते. चरे उमटल्याशिवाय तिला नळीतून सुटकाच नाही. आता तुमच्या फुलीच्या गोळीवर बघा."

फोरमनने नख फिरवले. पुन्हा फिरवले. "हिच्यावर... काहीच नाही. कोरी आहे."

पुढच्या रांगेतले कामगार ती गोळी बघायला व्यासपीठाकडे सरकले.

"माझ्या कवचाच्या तेजाने चरे पुसले गेले!" बाबा गरजला.

"आणि त्याच तेजाने पक्कडीचे दात उमटवले वाटतं?" ताई म्हणाली. "ही गोळी बंदुकीत गेलीच नाही. हिला कुणीतरी पक्कडीने उपटून काढलंय."

जावई पुढे आला. त्याचा चेहरा उतरला होता. तो तंबूकडे वळला तसा शिष्य आडवा आला. "आत जाता येत नाही! पवित्र जागा आहे!"

"बाजूला हो," जावई म्हणाला. "रोज दोन हजार माणसांची झडती घेतो मी."

तो बाहेर आला तेव्हा एका हातात पक्कड होती आणि दुसऱ्या हातात काडतुसाची पितळी पुंगळी, गोळी नसलेली. पुंगळी त्याने तबकात उलटी केली. आतल्या दारूच्या पिवळट काड्या भसकन बाहेर आल्या. बुडाची टोपी शाबूत होती. तिच्यावर घोड्याचा साधा ठोकाही पडला नव्हता. मग त्याने एक डबी उघडली. आत राखाडी गोळ्या होत्या. फोरमनने एक चिमटीत दाबली, तर ती चपटी झाली.

"मेण! मेणाला पेन्सिलीचं शिसं फासलंय!"

"म्हणजे असं," ताई शांतपणे म्हणाली. "गादीखाली काडतूस बदललं. बंदुकीत गेली चिमूटभर दारू आणि मेणाची गोळी. मेणाचा नळीच्या तोंडाशीच भुगा झाला. फुलीची गोळी शिष्याने तंबूत उपटली, पाण्याच्या लोट्यात टाकली, आणि बाबांनी ती पाण्याबरोबर तोंडात घेतली. आणि हे आद्य काडतूस..." तिने ते उचलून बूड पाहिले आणि फोरमनपुढे धरले. "शिक्का वाचा."

"आपल्याच कारखान्याचा! आणि साल..." फोरमनला हसावे की रडावे कळेना. "हे तर मी कामाला लागलो त्या साली तयार झालंय. माझ्या नाकासमोर गेलं असेल!"

"बाबा," ताई म्हणाली, "चला चाचणीच्या मैदानावर. बंदूक आमची, काडतूस मी भरते. तुम्ही उभे राहा."

"आज... आज माझं मौन आहे," बाबा ध्वनिक्षेपकात म्हणाला.

त्यावर जे हास्य उसळले, त्यात एक माणूस सामील नव्हता. जावयाने शिष्याला आणि बाबाला दंडाला धरून चौकीत नेऊन बसवले आणि पोलीस येईपर्यंत तो दारात उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्या वेळी तो बंदुकीसमोर उभा राहणार होता त्याच वेळी, तो ताईबरोबर चाचणीच्या मैदानावर गेला. त्याने आपला ताईत वाळूच्या पोत्याला बांधला. बार झाला. ताईने चाळणी त्याच्या हातात दिली. वाळू गळून गेली तेव्हा चाळणीत ताइताच्या पत्र्याचे चुरगळलेले तुकडे उरले, आणि एक गोळी. त्याने तिच्यावरून नख फिरवत मोजले. पाच.

"आई, पोत्याच्या जागी..."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "घरी जा. ती वाट बघत असेल."

ती गोळी आता माझ्या वर्गात फळ्याखाली ठेवलेली आहे. दर वर्षी ती मी मुलींच्या, मुलांच्या हातावर ठेवतो आणि नख फिरवायला सांगतो. कारण माझ्या व्याख्यानाने त्या दिवशी कुणीही वाचले नव्हते. एका बाईने पाहिले, मोजले आणि हजार माणसांसमोर विचारले, म्हणून एक माणूस वाचला. जे खरोखर घडते ते आपल्या खुणा मागे ठेवते. कुणी चमत्कार सांगितला, तर पायांवर डोके ठेवण्याआधी खुणा मागा. तो रागावेल. रागावू द्या. पुन्हा मागा.