गौरीपुढे मांडलेला फ्रिज

मी एक जुना फ्रिज आहे, मित्रांनो. जुना म्हणजे चांगलाच जुना. अंगावरचा पांढरा रंग पिवळट पडलाय, दाराचं रबर चिरलंय आणि मोटार सुरू झाली की सगळं अंग थरथरतं. इथल्या दवाखान्यातला कंपाउंडर मला 'आजोबा' म्हणतो. म्हणू दे. पण दार आपटलेलं मला अजूनही खपत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. हळू लावा, लागतं मला.

तुम्ही म्हणाल, लशीच्या बाटल्या सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या कपाटाला कसली आलीय कहाणी? आहे, मित्रांनो. माझ्यामुळे एका भल्या बाईवर असा प्रसंग आला, की तो आठवला की माझ्या अंगातला बर्फसुद्धा वितळतो.

माझा जन्म साता समुद्रांपलीकडच्या एका कारखान्यात झाला. मला रंगवणारा माणूस मोठा निगुतीचा होता. त्यानं रंगाचे तीन हात दिले आणि शेवटी बोटानं टिचकी मारून माझा आवाज ऐकला. मग लाकडी खोक्यात भुसा भरून मला बोटीनं मुंबईला धाडलं. वाटेत मी मनाचे मांडे खात होतो. कुणीतरी वर्षभर पैसे साठवील, दुकानात येऊन दहादा माझं दार उघडून बघेल, नवराबायकोत थोडी बोलाचाली होईल आणि मग मला वाजतगाजत घरी नेतील. तसलं काही झालं नाही. चंद्रप्रकाश नावाच्या एका बांधकामाच्या ठेकेदारानं मला विकत घेतलं. भर दुपारी, अंधेरीतली सगळी वसाहत जेवून आडवी झालेली असताना, त्याच्या लॉरीनं मला शरच्चंद्र ताम्हाणे साहेबांच्या बंगल्यात उतरवलं. पावती नाही, चिठ्ठी नाही. हमालांना कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही, इतकी घाई.

ते साल होतं १९५६. तेव्हा सिमेंट उठून दुकानात जाऊन आणता येत नसे. त्याला सरकारी परमिट लागायचं, आणि आमच्या भागातली परमिटं ताम्हाणे साहेबांच्या सहीनं सुटायची. आता चंद्रप्रकाशला साहेबांचा एवढा पुळका का आला, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

साहेबांच्या पत्नी उत्तराबाई. त्यांना साहेबांनी सांगितलं, की कचेरीतल्या लोकांना सवलतीत मिळालाय. त्यांचा नवऱ्यावर विश्वास होता, त्यांनी पुढे विचारलं नाही. मऊ धोतराचं फडकं ओलं करून त्या मला रोज पुसायच्या. आणि त्यांची नऊ वर्षांची क्षमा! माझ्या पोटातला दिवा दार लावल्यावर खरंच विझतो का, हे बघायला ती दार इतकं हळूहळू लावायची की मला गुदगुल्या व्हायच्या. साहेब संध्याकाळी घरी आले की तिला सरबताचा बर्फ करून द्यायचे आणि स्वतःही चघळायचे. वाईट माणूस नव्हता हो. लहानपणी चाळीतल्या एका खोलीत आठ जणांत वाढलेला. पहिल्यांदा कुणीतरी आंब्याची पेटी ठेवून गेलं, ती परत न्या म्हणायला जीभ रेटली नाही. मग पेटीमागून चांदी आली, चांदीमागून तबकड्या वाजवणारा रेडिओग्राम, गालिचे, घड्याळं, आणि मग मी.

वर्सोव्याहून अंजनाबाई मासळीची पाटी घेऊन यायची. उन्हाळ्यात उरलेली पापलेटं उत्तराबाई तिला माझ्यात ठेवू द्यायच्या. अंजनाबाईनं पहिल्या दिवशी माझ्यात हात घातला, हसली आणि विचारलं, "केवढ्याला घेतलास गो बाय?" उत्तराबाईंना सांगता येईना. नवी वस्तू घरात आली आणि तिची किंमत बाईला ठाऊक नाही, हे अंजनाबाईला काही पटलं नाही. ती मान हलवत निघून गेली. मलाही त्या दिवशी उगाच चोरट्यासारखं वाटलं.

आता वसाहतीची गोष्ट ऐका. वसाहत मध्यमवर्गीयांची, बहुतेक सगळे कुठल्या ना कुठल्या कचेरीत नोकरीला. त्यांनी वर्गणी काढून मुलांसाठी शाळा बांधायला घेतली होती. भिंती उभ्या राहिल्या आणि काम अडलं. वरच्या स्लॅबला सिमेंट हवं होतं, आणि त्याचा अर्ज साहेबांच्या कचेरीत दोन वर्षं धूळ खात पडला होता. पोरं देवळाच्या सभामंडपात बसून पाढे म्हणायची. चंद्रप्रकाशच्या लॉऱ्या मात्र सिमेंटच्या गोणी भरभरून त्या बिनछपराच्या भिंतींसमोरूनच जुहूकडे जायच्या. लोक चरफडायचे. साहेबांविषयी कुजबुज होती. पण साहेबांचे पडदे कायम ओढलेले, आत काय आहे ते कुणी पाहिलेलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची!

ती मूठ उघडली उत्तराबाईंनी, आणि तीही किती आनंदानं!

चैत्र आला. चैत्रगौरीचं हळदीकुंकू तुम्हाला माहीत असेल. गौर झोपाळ्यात बसवायची, बायकांना बोलवायचं, कैरीची डाळ आणि पन्हं द्यायचं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरायची. आणि गौरीपुढे आरास करायची. घरात जे जे देखणं असेल ते ते देवीपुढे मांडायचं, अशी आपली रीत. माहेरवाशीण आलीय ना, तिला आपलं घर दाखवायचं. साहेब तेव्हा चार दिवस दौऱ्यावर होते. असते, तर त्यांनी हे होऊ दिलं नसतं. उत्तराबाईंनी दिवाणखान्यात पायऱ्या रचल्या. चांदीची ताटं मांडली, काचेची परदेशी भांडी मांडली, रेडिओग्रामवर गजरा घातला, साहेबांची सोन्याची तीन घड्याळं मखमलीच्या पेटीसकट गौरीच्या पायाशी ठेवली. मला गड्यांकडून ओढत बाहेर आणलं, आंब्याचं तोरण बांधलं आणि दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. खोटं कशाला बोलू, मी अगदी फुलून गेलो होतो.

बायका आल्या. पन्ह्यात बर्फाचे खडे टाकून उत्तराबाई स्वतः हातात देत होत्या. आधी कौतुक झालं. मग हळूहळू बोलणं थांबलं. एकेकीची नजर पायरीपायरीनं वर चढत होती आणि एकेक वस्तू मनात उतरवून घेत होती. अहो, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या नजरेपुढे पोलिसांचा पंचनामा काय करील! शेजारच्या सुनंदाबाईंशी उत्तराबाईंचं बहिणीसारखं सख्य होतं. त्यांनी अर्धं पन्हं तसंच खाली ठेवलं आणि निघाल्या. दारात मात्र थांबल्या.

"उत्तरा," त्या म्हणाल्या, "आमच्या पोरांच्या शाळेवर छप्पर नाही गं."

एवढंच बोलल्या. उत्तराबाई हातात पन्ह्याचा तांब्या घेऊन उभ्या राहिल्या. त्यांना तेव्हा सगळं कळलं असं नाही, पण तोंडचं पाणी पळालं.

दोन दिवसांत सुनंदाबाईंचे यजमान विद्याधर यांच्या ओटीवर सभा भरली. बायकांनी सांगितलं, पुरुषांनी लिहून घेतलं. काचेचे पेले किती आणि त्यांवर फुलं कसली, इथपर्यंत यादी झाली. सरकारी पगारात हे कुठून आलं, असा एकच प्रश्न खाली लिहून वसाहतीतल्या साठ जणांनी सह्या केल्या. अर्ज वर गेला, वर्तमानपत्रातही आला. लोकांचा राग दोन वर्षं साचलेला होता, तो आता आवरेना. साहेब रस्त्यानं निघाले की माणसं बोलणं थांबवून नुसती बघत राहायची.

साहेब उत्तराबाईंवर ओरडले नाहीत. गौरीसमोरच्या रिकाम्या पायऱ्यांवर बसून त्यांनी डोकं धरलं. उत्तराबाईंनी पहिल्यांदाच सरळ विचारलं, की हे सगळं आलं कुठून, आणि साहेबांनी सांगून टाकलं. मग म्हणाले, की आता वाट एकच आहे. चौकशी होईल तेव्हा सगळं माझ्या सासऱ्यांनी दिलं, हिच्या माहेरचं आहे, असं सांगायचं. माहेरच्या वस्तूवर कायदा बोट ठेवत नाही.

उत्तराबाईंचे वडील भाऊ मुलुंडला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. हिशेबात कुणाचा पैसा इकडचा तिकडे केला नाही म्हणून मुलुंडात त्यांना मान होता. त्यांच्याकडे होता तो तेवढाच. साहेब स्वतः जाऊन त्यांना घेऊन आले. भाऊंनी ऐकून घेतलं आणि मुलीकडे न बघता म्हणाले, की सांगेन. मुलीचं घर उभं राहणार असेल तर सांगेन.

इकडे क्षमेला शाळेत पोरं चिडवू लागली. ती माझ्यातलं पाणी पिईना. एकदा दुपारी ती आली, माझ्या दाराला गाल लावून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "तू चांगला आहेस ना रे?" मित्रांनो, माझी मोटार तेव्हा चालू होती म्हणून बरं. मी काय थरथरतोय ते तिला कळलं नाही.

चौकशीचे अधिकारी सकाळी नऊला आले. उतारवयाचे, सभ्य गृहस्थ. पंच म्हणून विद्याधर होते, ते बिचारे जमिनीकडे बघत बसले. कागद टेबलावर मांडला. ह्या वस्तू पत्नीच्या माहेरच्या आहेत, असं साहेबांनी लेखी दिलेलं होतं. भाऊ कोट घालून, बटणं गळ्यापर्यंत लावून ताठ बसले होते. अधिकाऱ्यांनी आदरानंच विचारलं, की मास्तर, हे आपण दिलंत?

"हो," भाऊ म्हणाले. "मुलीला दिलं. मीच दिलं."

आयुष्यभर फळ्यावर खडूनं लिहिणारा तो हात स्वतःचं पेन घेऊन सहीसाठी पुढे झाला. निब कागदाला लागेना. अधिकाऱ्यांनी विचारलं, की पेन्शन किती. भाऊ कोटाचं गळ्याजवळचं बटण चाचपू लागले. माझ्या उजव्या हाताला स्वयंपाकघराचं दार होतं. तिथे उत्तराबाई उभ्या होत्या. त्यांनी नुसतं गप्प राहायचं होतं. त्या गप्प राहिल्या असत्या तर नवरा सुटणार होता, घर राहणार होतं. फक्त म्हातारपणी बाप सगळ्यांसमोर खोटा ठरणार होता, आणि तोही आपण होऊन ठरणार होता.

त्या पुढे आल्या. भाऊंच्या हातातलं पेन त्यांनी काढून घेतलं, टोपण लावलं आणि त्यांच्या कोटाच्या खिशाला अडकवलं.

"माझ्या माहेरी माठ होता," त्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या. "भाऊ शाळेतून आले की त्याला ओलं फडकं गुंडाळायचे. आम्ही पाच भावंडं, सगळ्यांना पुरायचं. ह्या घरातली एकही वस्तू माझ्या माहेरची नाही. माझे वडील माझ्यासाठी खोटं बोलताहेत. ते लिहून घेऊ नका."

भाऊंनी चष्मा काढला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडत होते. लाजेनं की सुटकेनं, ते मला सांगता यायचं नाही. उत्तराबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, जसा भाऊंनी लहानपणी त्यांच्या पाठीवरून फिरवला असेल. मग साहेब उठले. मला वाटलं आता संतापतील. त्यांनी कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा आणून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ती म्हणते ते लिहा."

साहेबांची नोकरी गेली, शिक्षा झाली. ती भोगून ते मुलुंडलाच आले, भाऊंच्या त्या दोन खोल्यांत. उत्तराबाईंनी त्यांना घरात घेतलं, हेही तुम्ही ऐकून ठेवा. शाळेवर पुढच्याच वर्षी स्लॅब घातला गेला. मला नंबराचा बिल्ला बांधून सरकारी गोदामात टाकलं, तिथे दोन वर्षं उंदरांच्या सोबतीनं काढली. मग ह्या दवाखान्यात लशी ठेवायला माझी नेमणूक झाली, रीतसर कागदावर. साहेबांचं आणि शाळेचं पुढचं सगळं मला विद्याधरांच्या तोंडून कळलं. नातवाला लस टोचून घ्यायला ते इथे आले होते, कंपाउंडरशी बोलत बसले होते. भाऊ गेले तेव्हा उत्तराबाईंच्या मांडीवर गेले, असं ते सांगत होते. आणि ते पेन शेवटपर्यंत खिशाला होतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात नव्या वस्तू येतील. त्यांना पुसा, जपा, दार हळू लावा. पण वस्तू जपण्याच्या आधी माणूस जपा. मी बिघडलो तर मेकॅनिक येतो, वायर जोडतो, मी पुन्हा गार होतो. खोटं बोलायला लागून मोडलेला बाप दुरुस्त करणारा मेकॅनिक अजून जन्माला आला नाही. उत्तराबाईंनी तो मोडू दिला नाही.