ज्योतानंदांची वायफाय ज्योत

"हिचं मन काही स्वच्छ होत नाही बाई," दारात मेथी निवडता निवडता सिंधुबाई पुटपुटल्या. शेजारी बॅग भरणाऱ्या सुनेला, उज्वलाला, ऐकू जावं एवढ्याच हळू.

द्वारका चौकाजवळच्या त्यांच्या इमारतीत सध्या एकच धूम होती, ज्योतानंद महाराजांची वेबसाइट! "विश्वातली पहिली वायफाय ज्योत! नाव टाइप करा. मन निर्मळ असेल त्यालाच ती भडकलेली दिसेल. श्रद्धा हाच पासवर्ड! न दिसल्यास शुद्धीची भस्मपुडी कुरिअरने."

जिन्यावर बायका मोबाइल घेऊन बसत आणि एकेक किंचाळे, "पेटली गं, पेटली!" ज्योतीखाली हजारो प्रतिक्रिया, सगळ्यांत तेच. एकटी उज्वला म्हणाली, "मला तर साधं चित्र दिसतंय." झालं! घरातली सगळी पीडा हिच्यामुळेच, असं ठरलं. भस्मपुडीनेही फरक पडेना, म्हणून कायमची रवानगी माहेरी, पेठ गावी. नवरा राकेश निमूटपणे खाली गाडी काढायला गेला होता.

समोरच्या सकीनाला हे बघवेना. तिचा स्वयंपाकाचा ब्लॉग होता. प्रतिक्रिया हा तिचा रोजचा खुराक. ती मोबाइल घेऊन जिन्यावर आली.

"लताताई, माझ्या ब्लॉगवर लिहा, बिर्याणीचा पार लगदा झाला."

शेजारच्या लताबाईंनी फारच आनंदाने लिहिलं. "अगं, दिसत नाही ते!"

"कसं दिसेल? आधी माझ्याकडे येतं. मी बटण दाबलं तरच जगाला दिसणार."

"म्हणजे तुझ्या बिर्याणीला नावं ठेवणारे..."

"आहेत की! सगळे माझ्या फोनात कोंडलेत."

मग सकीनाने ज्योतीखाली लिहिलं, "पेटली नाही." पाठोपाठ 'म्हैस' या नावाने लिहिलं, "पेटली!" चहा होईपर्यंत म्हैस झळकली. पहिली प्रतिक्रिया गडप.

"बघा, म्हशीचं मन निर्मळ निघालं!"

कोणीतरी फिसकन हसलं. सकीनाने तिघींचे मोबाइल शेजारी शेजारी ठेवले. तीच ज्योत, तेवढीच.

"सिंधुमावशी, हजारोंना पेटली म्हणता. ज्यांना पेटली नाही त्यांना तिथं उभंच करत नाहीत. दुसऱ्यांचं वाचून काय डोलता? स्वतःच्या डोळ्यांना काय दिसलं ते सांगा ना."

खालून हॉर्न वाजला. उज्वला सासूच्या पाया पडली आणि तिने बॅग उचलली.

सिंधुबाईंनी बॅगेचा बंद घट्ट धरला. मान वर न करता म्हणाल्या,

"मला पण नाही दिसली गं. एकदाही नाही."