जिनाची न्याहारी

भांडण अंड्यांवरून पेटलं. नवाराच्या हातून टोपली निसटली अन् तिची सासू, उम्म फरहात, कालव्यापलीकडं ऐकू जाईल अशी किंचाळली, "आगं मुडदे, बाजारची अंडी व्हती ती!"

मातीत पसरलेल्या पिवळ्या बलकाकडं बघून नवारा हसायला लागली. मग रडायला. मग आपण कुठं आहोत तेच तिला उमगेना.

मी भिंतीपलीकडून बघत होते. त्या घरात म्हशी होत्या, कोंबड्या होत्या, कबुतरांचा मनोरा होता; पण लोणी, चीज, अंडी सगळं बाजाराला. सुनेच्या ताटात मक्याची भाकर, वर मिठातला सलगम. आम्ही मक्याच्या पिठात मेथी दळून घालतो. या बाईनं तीही विकली. बोटांतून जपमाळेचे मणी सुटायचे, मुठीतून मेथीचा दाणा सुटायचा नाही!

ऊन तापलं तशी नवाराच्या गळ्याभोवती, हातांवर कातडी भाजल्यागत काळी पडली. पोट वाहायचं. झोप उडाली. भिंतीशी बोलायची.

मी म्हटलं, "तिला चांगलंचुंगलं खाऊ घाल. अंगात सत्त्व न्हाई तर डोक्यात उजेड कुठनं यायचा?"

"भाकरी पोटभर खाती की!"

"भुस्सा भरला म्हंजी उशी जेवली व्हय गं?"

"जिन शिरलाय तिच्यात. उतरला तर बरं, न्हाईतर कापणीआधी माहेरी धाडते. फरहातला दुसरी बघते."

अन् नवाराचा नवरा फरहात? आईसमोर ओलं मांजर.

जिन उतरवायला डफवाल्या बायका घेऊन शेखा बंबा आली. घुमून घुमून म्हणाली, "कबुतरं मागतोय. बोकडाचं काळीज मागतोय. दूध, रोज सकाळी अंडं. त्याच्या नावाचं पछाडलेलीनंच खायाचं. कुणी चाखलं, कुणी विकलं, तर त्याच्याच मानंवर बसंल!"

उम्म फरहात पांढरीफटक. माणसाची भूक तिला कधी दिसली नाही. जिनाची लगेच दिसली.

नवारा खात गेली. कातडी भरली, झोप आली, बोलणं जाग्यावर आलं. गव्हाच्या कापणीला ती माझ्याआधी शेतात हजर.

"उतरला बघ जिन!" पाणवठ्यावर सासूनं मिरवलं. अन् दुसऱ्याच सकाळी अंडी पुन्हा टोपलीत.

नवारा मक्याचं पीठ मळत होती. हात थांबले. डोळे पांढरे केले, आवाज रेड्यागत. "म्हातारेऽ! कोण म्हणतं मी गेलो? माझं अंडं कुठाय? अन् पिठात मेथी का न्हाई?"

सासू धावत खुराड्यात. नवारानं भिंतीवरून माझ्याकडं बघून एक डोळा मिटला.

त्या गुरुवारी पिराच्या घुमटापाशी मशिदीच्या शेखसाहेबांनी डफावर प्रवचन गायलं. काय गळा दिलाय देवानं, ऐकताना माणूस विरघळतो! "घरच्याचं ताट रितं ठेवून मशिदीत दिवा लावशील, तर तो दिवा नुसता धूर करील."

उम्म फरहात सगळ्यांत मोठ्यानं रडली. तिच्याच शेजारी बसून नवारा सावकाश उकडलेलं अंडं सोलत होती.