पिकलेला ताप

ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजात तात्यासाहेबांच्या घरासमोर त्या सकाळी एवढी गर्दी उसळली होती की टांगेवाल्यांनी आपणहून रस्ता बदलला. कुणाच्या खांद्यावर पोर, कुणाच्या पाठीवर म्हातारी आई. सगळ्यांचं दुखणं एकच: फणफणून ताप, डोळ्यांच्या खोबणीत ठणका आणि हाडं कुणी मुसळानं कांडावीत तसं अंग. औषधही सगळ्यांना एकच हवं होतं, हिमगिरी महाराजांचा हात.

तेवढ्यात नया बाजारातला एक हलवाई आपल्या मुलाला खांद्यावर घेऊन नाचतच आला. "उतर गया! महाराज ने कल हाथ रखा और आज सबेरे उतर गया!" त्यानं पेढ्यांचं ताट वर धरलं आणि गर्दीनं जयजयकार केला.

आत बैठकीच्या गादीवर महाराज बसले होते. "अडतीस बरस बर्फ में बैठा हूँ, बच्चा! सूरज मुझे देखकर रजाई ओढ लेता है. तेरा बुखार किस खेत की मूली है?"

बर्फात अडतीस वर्षं काढलेल्या या तपस्व्याला आश्विनातला उकाडा मात्र सोसवत नव्हता. दोन शिष्य दोन्ही बाजूंनी त्याला पंख्यानं वारा घालत होते आणि तिसऱ्याच्या हातातली दक्षिणेची चांदीची वाटी कधी रिकामी दिसत नव्हती. पण भक्ताला असले प्रश्न पडत नाहीत.

रांगेत शामला उभी होती. नऊ वर्षांची विमल तिच्या खांद्यावर मान टाकून कण्हत होती. दोघींची ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला ताप नुकताच चढला होता, तेव्हा महाराजांनी विमलच्या कपाळाला बोटही न लावता परत पाठवलं होतं. "कच्चा है. कच्चा फल तोडोगी तो पेड रोएगा. पकने दो, फिर लाना." नव्या तापाच्या प्रत्येक रोग्याला ते हेच सांगत, आणि लोक त्याचंही कौतुक करत. बघा, म्हणे, लोभी असते तर आल्या माणसाला सोडलं असतं का?

आता ताप पिकला होता.

शामला काही भोळीभाबडी नव्हती. नागपूरची मॅट्रिक झालेली मुलगी, माहेरी रोज वर्तमानपत्र वाचलं जायचं. पण गेल्या साली राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आणि तिच्या नवऱ्याचं, माधवरावांचं, सरकारी टेबल नव्या मध्य प्रदेशाच्या वाट्याला येऊन थेट ग्वाल्हेरला पोचलं. थाटीपुरात क्वार्टर मिळालं. भाजी घेण्यापुरती हिंदी तिला येत होती. दुखणं सांगण्यापुरती येत नव्हती. अशा परमुलखात शेजारच्या लीलाताई म्हणजे तिला देवासारख्या भेटल्या. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेतून इकडे आलेले. मराठी बोलता बोलता त्या अर्ध्या वाटेवर हिंदीत शिरायच्या, पण बोलायच्या मराठी, आणि शामलाला तेवढं पुरे होतं.

डॉक्टर जवळ नव्हता असं नाही. क्वार्टरांच्या कोपऱ्यावरच डॉक्टर दौलतसिंहांचा दवाखाना होता. फौजेतून निवृत्त झालेला, ब्रह्मदेशाच्या लढाईत असले ताप पाहिलेला माणूस. पहिल्याच दिवशी शामला विमलला तिथं घेऊन गेली होती.

"हड्डीतोड बुखार है," डॉक्टर म्हणाले. "डेंगू. इसकी कोई दवा नहीं है, बाईजी. पानी पिलाइए, शिकंजी, दाल का पानी, जितना पी सके उतना. और जिस दिन बुखार उतरे, उस दिन जरूर लाइए."

"उतर गया तो... क्यों लाना?"

"उसी दिन देखना पडता है."

पुढचं विचारायला तिची हिंदी पुरली नाही, आणि मागून लोक रेटत होते. घरी येऊन तिनं लीलाताईंना सांगितलं, तर त्या हसत सुटल्या. "औषध नाही म्हणतो, सुई लावत नाही, आणि बरं झाल्यावर बोलावून राहिला! असा कसा डॉक्टर? अहो शामलाताई, तात्यासाहेब आपले माणूस आहेत. आपल्या माणसाच्या घरी उतरलेला महाराज काय खोटा असेल?"

हा एक मुद्दा शामलाला पटला. खरं म्हणजे तिला तो पटवून घ्यायचा होता. दारावर मराठी अक्षरांत नाव लिहिलेलं घर, आत नऊवारीतल्या बायका, "या बाई, बसा" म्हणणारं कुणीतरी. हाकेच्या अंतरावरचा डॉक्टर परका झाला आणि टांग्यानं गाठायचा बाबा आपला झाला.

महाराजांनी विमलच्या कपाळावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटले, फुंकर मारली. "कल सबेरे तक बर्फ हो जाएगी. लेकिन पेट में सिर्फ मेरी ठंडक जाएगी. तीर्थ की एक चम्मच सुबह, एक शाम. और पानी बंद!" शिष्यानं शामलाच्या हाती तीर्थाची बाटली आणि त्याच तीर्थाच्या पाण्यानं भरलेलं एक मडकं दिलं. ते रोग्याच्या खाटेखाली ठेवायचं, झाकायचं नाही, उपसायचं नाही. काही दिवसांनी त्यात बारीक जीव वळवळू लागले की पाणी जागं झालं असं समजायचं.

हे मडकं शामलाच्या ओळखीचं होतं. लीलाताईंचा धाकटा आधीच्या पंधरवड्यात असाच तापला होता आणि बरा झाला होता. त्यांच्या खाटेखालचं पाणी कधीच जागं झालं होतं. त्यांनी हौसेनं दाखवलं होतं, "पाहा ना, कसे नाचतायत!" आणि शामलानं नको नको वाटत असतानाही हात जोडले होते. आता क्वार्टरांच्या त्या ओळीत घरटी एक तरी मडकं होतं, आणि ताप एका घरातून दुसऱ्या घरात चालला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमलचा ताप खरोखरच उतरला.

शामलानं कपाळाला हात लावला आणि तिला रडूच फुटलं. माधवरावांनी देवापुढे साखर ठेवली आणि हलक्या मनानं कचेरीत गेले. लीलाताईंनी निरोप धाडला, तसा महाराजांचा शिष्य टांग्यातून हजर झाला आणि दारात उभा राहून साऱ्या आळीला ओरडून सांगू लागला, "देख लो! बर्फ कर दिया!"

बर्फ खरंच झालं होतं. थोड्या वेळानं शामलानं विमलचे पाय चेपायला घेतले तर ते गार होते आणि घामानं ओलसर लागत होते. विमल पोट धरून कुशीवर वळली.

"आई, पाणी दे ना."

शामलानं पळीभर तीर्थ दिलं. ते लगेच उलटून पडलं. हिरड्यांतून रक्त आलेलं तिला दिसलं.

"लीलाताई, हे बरं दिसत नाही."

"ताप निघताना गार पडतंच हो. थकली बिचारी. झोपू द्या. उगीच घबरू नका."

"पाणी मागते आहे."

"आज एक दिवस कळ काढा. महाराजांचा शब्द मोडायचा नाही."

शामलानं कळ काढली. एखादा तास असेल. पुढे आयुष्यभर तिनं त्या तासाचा हिशेब स्वतःशी मांडला, आणि तो कधी जुळला नाही. मग एकाएकी तिला डॉक्टरांचं बोलणं आठवलं आणि त्याचा अर्थ लख्ख समोर उभा राहिला. तिनं विमलला उचललं आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्याकडे पळाली. लीलाताई मागून हाका मारत राहिल्या.

डॉक्टर दौलतसिंहांनी मनगट धरलं. बराच वेळ नाडी शोधली. मग कंपाउंडरला सलाईन आणायला सांगितलं आणि स्वतः दंडात, मनगटात, पायात शीर शोधू लागले. शिरा बसून गेल्या होत्या. एक मिळाली तेव्हा विमलचे ओठ निळसर झाले होते. बाटली अर्धीही संपली नाही. दिवेलागणीला माधवराव धावत आले तेव्हा डॉक्टर खुर्चीत मान खाली घालून बसले होते, आणि शामला मुलीचे पाय दोन्ही हातांत धरून ऊब द्यायचा प्रयत्न करत होती.

तेराव्यानंतर ती पुन्हा दवाखान्यात गेली. एकटीच. खाटेखालचं मडकं तिनं बरोबर घेतलं होतं.

"मला समजावून सांगा," ती म्हणाली. "मराठीत बोलते. नाही कळलं तर विचारा."

डॉक्टरांनी सावकाश, सोप्या हिंदीत सांगितलं. हा ताप पाच-सहा दिवसांत आपोआप उतरतो. हात ठेवा, न ठेवा. त्यांच्या दवाखान्यात महाराजांचं तोंडही न पाहिलेल्या कितीतरी जणांचा तसाच उतरला होता. "बाबा कच्चा बुखार लौटा देता है. क्यों? कच्चे पर हाथ रखे तो दूसरे दिन उतरेगा नहीं, पोल खुल जाएगी. पका हुआ तो कल उतरने ही वाला है. आम खुद गिरता है, वह बस नीचे झोली पकडकर बैठा है."

"आणि माझी विमल?"

ते म्हणाले, "बहुत से बच्चे उतरने के बाद ठीक हो जाते हैं. किसी-किसी का खून भीतर ही भीतर पतली नसों से रिसने लगता है, और वह बुखार उतरते समय ही होता है. उस वक्त पानी चाहिए, निगरानी चाहिए. बाबा ने पानी ही बंद करवा दिया. मुझे आपको उसी दिन ठीक से समझाना चाहिए था."

मग त्यांनी मडक्याच्या तोंडावर मलमलीचं फडकं बांधलं आणि ते खिडकीत ठेवलं. दोन-तीन दिवसांनी शामला आली तेव्हा फडक्याखाली काळे डास भिणभिणत होते. त्यांच्या पायांवर पांढरे पट्टे होते.

"यही है आपका जागा हुआ पानी," डॉक्टर म्हणाले. "दिन में काटता है. बीमार को काटा, फिर पडोसी को. बाबा ने हर खाट के नीचे इसका पालना रखवा दिया."

शामला तेच मडकं घेऊन जयेंद्रगंजात गेली. गर्दी पहिल्यापेक्षा वाढलेली होती. ती रांग मोडून थेट बैठकीत शिरली आणि जमेल तशा हिंदीत, अडलं तिथं मराठीत, तिनं सगळं सांगितलं. कच्च्या-पिकल्याची लबाडी सांगितली, पाणीबंदी सांगितली. मग फडक्यातून डास दाखवले. पंख्यानं वारा घालणारे शिष्यसुद्धा थांबले.

महाराज डगमगले नाहीत. गडी पक्का होता. "देखो भक्तों! पानी के जीव को पंख मिल गये! मेरे तीर्थ में कीडा भी मुक्त हो जाता है!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. शामलाला वाटलं होतं, खरं समोर ठेवलं की खोटं पळतं. खोटं गादीवर बसून हसत होतं.

तात्यासाहेब दाराशी उभे होते. दरबारी घराण्यातला पांढऱ्या मिशांचा माणूस. ते तिला बाहेरच्या ओसरीत घेऊन गेले.

"तुम्हाला कळलं ना, तात्यासाहेब?" तिनं विचारलं. "तुम्ही शिकलेले आहात."

"कळलं, बाईसाहेब."

"मग हाकला ना त्याला!"

त्यांनी आतल्या गर्दीकडे पाहिलं. "संस्थान विलीन झालं, जहागीर गेली. तेव्हापासून या घराचा उंबरा कुणी चढत नव्हतं. दसऱ्याला मी एकटाच इथं पागोटं घालून बसायचो. महाराज गेले तर पुन्हा कोण येईल?"

शामलाला संताप आला, आणि त्या संतापातही त्यांची कीव आली, आणि या किवेचा तिला जास्तच संताप आला. ती बाहेर पडली.

पण घरी गेली नाही. ती रांगेच्या टोकाशी उभी राहिली आणि एकेका बाईला थांबवून सांगू लागली. "ताप आपोआप उतरतो. पाणी भरपूर पाजा. उतरल्यावर पोट दुखलं, उलट्या थांबल्या नाहीत, रक्त दिसलं, हातपाय गार पडले, तर तडक दवाखान्यात न्या. घरातलं साठलेलं पाणी उपसून टाका." काही जणींनी ऐकून घेतलं. बऱ्याच जणींनी लेकरं छातीशी ओढून घेतली आणि पुढे सरकल्या. एकीनं विचारलं, "आपकी बेटी ठीक हो गयी?"

"गेली."

"फिर श्रद्धा कम पडी होगी, बहन," ती बाई अगदी मायेनं म्हणाली आणि आत गेली.

तिच्या मागून एक तरुण आई आली. तोंडभर हसू, एका हातात पेढ्यांचा पुडा, खांद्यावर झोपलेला मुलगा. "आज सुबह उतरा," तिनं आपणहून सांगितलं. शामलानं मुलाच्या तळपायांना हात लावला. ते गार होते.

"बाई, माझ्याबरोबर चला. आत्ता. मी टांगा करते."

आईनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे. आतून जयजयकार उठला. "पहले महाराज को पेडे चढा दूँ," ती म्हणाली, "फिर देखती हूँ." आणि उंबरा ओलांडून ती गर्दीत दिसेनाशी झाली. शामला तिच्या मागोमाग आत घुसली, तर शिष्यांनी दंड धरून तिला रस्त्यावर आणून सोडलं.

त्या मुलाचं पुढं काय झालं, ते तिला कधीच कळलं नाही. महाराज महिन्याभरानं दुसऱ्या गावी गेले. तिथंही ताप होता, तिथंही कुणाचीतरी रिकामी बैठक होती. म्हणून हे लिहून ठेवायचं. ताप उतरला म्हणून कुणाला पेढे वाटायचे असतील, नारळ फोडायचा असेल, तर खुशाल करा. पण त्याआधी लेकराला पाणी पाजा, आणि त्याच्या पायांना हात लावून पाहा.