तीन पहिली बक्षिसं

देणगी मागायला दुकानात शिरताना तोंड मागणाऱ्यासारखं करू नये, काहीतरी द्यायला आल्यासारखं करावं, असं माझं ठाम मत आहे. आमच्या भाऊजींचं मत बरोब्बर उलटं. घड्याळवाल्याच्या काउंटरपाशी उभं राहून त्यांनी पहिलं वाक्य काय काढावं? "नाही दिलंत तरी काही हरकत नाही हं." मी त्यांच्या पायावर पाय दिला.

"अहो, पण काय हवंय ते तरी सांगा," घड्याळवाला म्हणाला.

मग सूत्रं मी हातात घेतली. आमचा बायकांचा गट कापडी खेळणी शिवून दवाखान्यातल्या मुलांना देतो. गट सुरू केला माझ्या ताईनं, म्हणजे या भाऊजींच्या बायकोनं. शिवणाची खोली वरच्या मजल्यावर आहे आणि आजारपणानंतर ताईचा एक पाय उचलत नाही. माणसाला बसवून जिन्याच्या कडेनं वर नेणारी एक खुर्ची मिळते, विजेवर चालते. तिच्यासाठी लकी ड्रॉ ठेवलाय आणि त्याला बक्षीस हवंय.

सांगताना माझा आवाज जरा चढला, कारण ताईच्या बाबतीत मला थंड डोक्यानं बोलता येत नाही. एकदा आम्ही चौघींनी तिला साध्या खुर्चीत घालून उचलून वर नेलं होतं. "मी काय पोतं आहे?" म्हणाली आणि पुन्हा कुणाला हात लावू दिला नाही. तेव्हापासून ती तळमजल्यावर फोनपाशी बसते आणि छतातून खाली येणारं आमचं हसणं ऐकते. खेळण्यांचे डोळे रंगवायचं काम तिचं. रंगांच्या कपाटाची किल्लीही तिच्याच कमरेला. रंग खाली आणून देते म्हटलं, तर म्हणाली, "डोळे सगळ्यांच्या गप्पा ऐकत रंगवायचे असतात. एकटीनं नाही जमत." म्हणून दर वेळी तिच्याकडून किल्ली मागून घेऊन डोळे मी रंगवायला लागले. माझी सगळी अस्वलं घास हिसकावून घेतल्यासारखी बघतात.

आणि परवा ती म्हणाली, "महिनाअखेरीला किल्ली तूच ठेवून घे. मी आता घरीच बसेन." मला धडकीच भरली. ताई एकदा घरी बसली की बसलीच.

घड्याळवाल्यानं सगळं ऐकलं आणि विचारलं, "शेजारचा सायकलवाला काय देतोय?"

आमच्या गल्लीत कुणालाही काहीही मागा, पहिला प्रश्न हाच. "त्याच्याकडे अजून गेलोच नाही," मी म्हटलं. "म्हटलं, आधी मोठ्या दुकानात जावं. पहिलं बक्षीस तुमचंच!" हरभऱ्याच्या झाडावर माणूस किती पटकन चढतो! त्यानं स्टूल ओढलं आणि भिंतीवरचं लंबकाचं मोठं घड्याळ खाली उतरवलं. बाहेर आल्यावर मला रस्त्यातच नाचावंसं वाटलं.

मग भाऊजींना एकट्यांनाच बेकरीत पिटाळलं. म्हटलं, फार तर बिस्किटाचा पुडा आणतील, पण माझ्या पायात पाय तरी येणार नाहीत. मी सायकलवाल्याकडे.

"घड्याळवाल्यानं काय दिलं?"

"लंबकाचं घड्याळ. मोठं."

त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. काचेतली लाल सायकल त्यानं ओढून बाहेर काढली, घंटी वाजवून दाखवली आणि म्हणाला, "पण मग पहिलं बक्षीस हीच ना?"

माझी जीभ माझ्या आधी धावते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. "म्हणजे काय! हीच!" मी म्हणाले.

भाऊजी फुलून परत आले. "वर्षभर दर रविवारी एक केक! बेकरीवाल्या बाई स्वतः म्हणाल्या."

"भाऊजी! कसं जमवलंत?"

"तू घड्याळवाल्याला म्हणालीस ना, तेच म्हटलं. पहिलं बक्षीस तुमचंच."

आता आली का पंचाईत! भाऊजी पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे, त्यामुळे सोडतीची पाटीही त्यांनीच करायची होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते तळमजल्यावर ब्रश घेऊन बसले आणि 'पहिलं बक्षीस' एवढं लिहून थांबले. पुढे काय लिहायचं, हे मलाही सांगता येईना. तेवढ्यात तिन्ही दुकानदार पाटी बघायला हजर. प्रत्येकाला आपलं नाव सगळ्यात वर बघायचं होतं.

पुढची दहा मिनिटं विचारू नका. घड्याळवाला म्हणाला, मला आधी शब्द दिलाय. सायकलवाला म्हणाला, किंमत बघा आणि मग बोला. बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, तुमच्या वस्तू एकदाच देऊन मोकळे व्हाल, मला वर्षभर राबायचंय. शेवटी सायकलवाल्यानं कोपऱ्यात लावलेली सायकल हँडलला धरली आणि तो दाराकडे निघाला. घड्याळवाल्यानंही घड्याळ काखेत मारलं. सगळं मुसळ केरात जाताना मी डोळ्यांनी बघत होते. मला रडूच फुटणार होतं.

"खाली ठेवा ते!"

ताईचा आवाज. कितीतरी महिन्यांत असा ऐकलाच नव्हता. तिनं काठी फरशीवर आपटली, तशी सायकल होती तिथं थांबली.

"शब्द कुणी कुणी दिला?"

मी हात वर केला. भाऊजींनीही केला, ब्रशसकट.

"दिलाय ना? मग मोडायचा नाही. तिन्ही पहिली बक्षिसं."

"असं कुठं असतं का?" घड्याळवाला म्हणाला.

"दुसरं बक्षीस ठेवलंच नाही, तर कोण काय म्हणणार? तीन दुकानं, तीन डबे. आपापल्या बक्षिसाची तिकिटं आपापल्या दारात विका, सोडतही तिथंच काढा. तिघांना तिकिटं सारखीच." तिनं काठी तिघांवरून फिरवली. "बघू तरी, कोणाची आधी संपतात."

झालं! त्या शेवटच्या वाक्यानं गल्ली पेटली. तिकीट खपलं की घड्याळवाला दुकानातले सगळे गजर एकदम वाजवायचा. सायकलवाला गिऱ्हाइकाला सायकलवर बसवून गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणायचा. बेकरीवाल्या बाई प्रत्येक तिकिटाबरोबर केकचा तुकडा हातावर ठेवायच्या, आणि भाऊजींनी लाजत लाजत इतकी तिकिटं घेतली की ताईनं त्यांचं गोड बंद केलं. ती फोनवरून सगळ्यांना नाचवत होती. "बेकरीतली संपत आली, तिकडे सांगा! घड्याळवाले मागं पडलेत, त्यांना कळू दे!" निरोप घेऊन धावायचं काम माझं. पाय मोडून आले होते, पण असा आनंद मला किती दिवसांत झाला नव्हता.

शेवटी तिन्ही दुकानांतली तिकिटं संपली. आधी कोणाची संपली, यावर अजून वाद चालू आहे.

सोडतीच्या दिवशी अख्खी गल्ली एका दारातून दुसऱ्या दारात लोटत होती. घड्याळ लागलं बेकरीवाल्या बाईंना! त्यांनी शेजाऱ्याकडचं तिकीट गुपचूप घेतलं होतं. केक एका शिंप्याला गेला. सायकल एका पांढऱ्या केसांच्या आजींना लागली. नातवाला देणार असतील, असं वाटेपर्यंत त्या स्वतःच वर बसल्या आणि घंटी वाजवत निघून गेल्या.

खुर्ची महिनाअखेरीलाच बसली. किल्लीचा विषय ताईनं काढला नाही, आणि मी कशाला काढते!

ती बसली, पट्टा लावला, बटण दाबलं. खुर्ची मुंगीच्या पावलानं निघाली. भाऊजी शेजारून एकेक पायरी चढत होते आणि त्या यंत्राला सांगत होते, "सावकाश हं, घाई नाही." मी खालीच थांबले. चारचौघींत रडायला मला आवडत नाही. वळणावर ताईचा पदर दिसेनासा झाला. वर टाळ्या वाजल्या. मग कपाट उघडल्याची करकर ऐकू आली, आणि पाठोपाठ ताईचा आवाज.

"अगं बाई! हे डोळे कुणी रंगवलेत? ही अस्वलं मुलांना बरं करणार की दम देणार?"

छत दणाणेल एवढं हसू खाली आलं. त्यात ताईचं हसू मी खालून ऐकलं.

"आणि ती कुठंय? अगं ए, खाली काय करतेस? वर ये! येताना पाण्याचा मग आण, हे सगळे पुसून टाकायचेत!"

"आले, ताई!" म्हणत मी दोन-दोन पायऱ्या चढत सुटले. मगातलं अर्धं पाणी जिन्यातच सांडलं.