शेवटच्या डावातला पिचर

रणधीर आयुष्यात एकदाही सामन्याच्या सुरुवातीला चेंडू टाकायला उतरला नाही. एका सरकारी खात्याच्या बेसबॉल संघात त्याला नोकरी लागली, ती अडीनडीचा पिचर म्हणून. मुख्य पिचर दमला, मार खायला लागला, की शेवटच्या डावांत याला बोलवायचं. जिंकलं तर कौतुक पहिल्याचं, हरलं तर बोल याला. तरी त्यानं कधी तक्रार केली नाही. पुढं खांदा निकामी झाला, हात कानाच्या वर जाईना, तेव्हा तो परंड्याला परतला आणि कॉलेजच्या मुलींना बेसबॉल शिकवू लागला.

धाराशिवच्या स्पर्धेत मुली अंतिम सामन्यापर्यंत पोचल्या. मुख्य पिचर हर्षालीनं सुरेख चेंडू टाकले. शेवटच्या डावात मात्र तिचा हात ढिला पडू लागला. एकाच धावेची आघाडी, आणि समोरच्या संघाच्या दोघी बेसवर, धाव घ्यायला टपलेल्या. रणधीर तिच्याजवळ गेला.

"लई दमलीस. चेंडू दे. प्रतीक्षा टाकंल."

"न्हाय दमले, सर. सामना म्याच आणला न्हवं इथवर?" तिनं चेंडू पाठीमागं धरला. डोळे भरले होते.

रणधीरला आपले खेळायचे दिवस आठवले. अशा वेळी तो नेहमी लांब उभा राहून हात मोकळा करत असायचा. इथं काय बोलणं होतं, ते त्याला कधी कळलंच नव्हतं. जाणारा पिचर चेंडू हातात कोंबून मान खाली घालून निघून जायचा, एवढंच ठाऊक. मग पुढचं सगळं रणधीरचं एकट्याचं.

"तूच आणलास," तो म्हणाला. "म्हणून चेंडू मला देऊ नगंस. प्रतीक्षाला दे. अन् समोरची कशी खेळती, ते सांग तिला."

राखीव पिचर प्रतीक्षा घाबरतच आली. हर्षालीनं नाक पुसलं. "ही खालचा चेंडू सोडत न्हाय. वर टाक. भिऊ नगंस."

समोरची मुलगी बाद झाली. पुढचीनं मात्र असा फटका मारला, की बेसवरच्या दोघीही धावून आल्या, दोन धावा झाल्या. परंडा हरलं.

हर्षालीचे वडील बलभीम तावातावानं आले. "सर, पोरीला काढलं नसतं तर कप आपला व्हता!"

"आसंल बी. पण ते म्या ठरवलं. पोरींना बोलू नका."

"आण्णा, बास करा," हर्षाली म्हणाली आणि रडणाऱ्या प्रतीक्षाकडं गेली. "दुसरी कशी खेळती, ते मलाच ठाऊक न्हवतं गं. चल, पाणी पी."

रणधीरला हरल्याचं वाईट वाटलंच. तो हातमोजे पोत्यात भरू लागला. बलभीमही, रागातच, पोत्याचं तोंड धरायला वाकले.